तीच कॉटेज, तोच डोंगर... मग नवं काय?

दिवाळी शटडाऊनची नोटीस बोर्डावर लागली की वाळूजमधल्या माणसांचे सरळ दोन गट पडतात. पहिला गट फराळाचे डबे आणि पोरांचे नवे कपडे घेऊन गावाकडची एसटी पकडतो. दुसरा गट भाऊबीज उरकून डोंगरात पळतो. आम्ही दुसऱ्या गटातले. २०१२ पासून, मधलं करोनाचं वर्ष सोडलं, तर एकही दिवाळी चुकलेली नाही. ठिकाण ठरलेलं, भंडारदरा. कॉटेज ठरलेली. शेंडी गावाच्या पुढे, रतनवाडीच्या रस्त्याला लागून, पत्र्याच्या छपराची, लाकडी भिंतींची, दोन खोल्यांची. जेवण ठरलेलं. एवढंच काय, गाडीत कोण कुठे बसणार आणि संगमनेरच्या आधी कुणाला उलटी होणार, हेही ठरलेलं!

आता तुम्ही म्हणाल, बॉस, दरवर्षी तिथंच? कंटाळा नाही येत?

येतो की. जाम येतो. तिसऱ्या वर्षीच आला होता.

आमचा ग्रुप आधी सांगतो. सुरुवातीला अकरा जण होतो. बहुतेक सगळे बजाजनगरमध्ये रूम करून राहणारे, एकाच मेसमध्ये जेवणारे आणि पगाराच्या दुसऱ्या आठवड्यातच एकमेकांकडे उधारी मागणारे. नावं सांगत नाही, कारण आमच्यात नावानं कुणी कुणाला हाकच मारत नाही. पेंटशॉप, स्टोअर्स, क्यूए, डिस्पॅच... ज्याचं जे डिपार्टमेंट, तेच त्याचं नाव. मी युटिलिटी. म्हणजे कंपनीतलं पाणी, हवा, वाफ, ईटीपी, हे सगळं बघणारा माणूस. सगळं नीट चालू असलं तर माझी कुणाला आठवण येत नाही. नळ बंद पडला की अख्ख्या प्लांटला माझा नंबर पाठ असतो.

पहिल्या दोन वर्षांत आम्ही भंडारदऱ्याचा पार फडशा पाडला. विल्सन डॅम झालं. अंब्रेला फॉल झाला. रंधा फॉल झाला. रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ झालं. रतनगडावर चढून नेढ्यात बसून फोटो झाले. सांदण दरीत उतरलो, कळसूबाईच्या शिड्या चढलो आणि १६४६ मीटरवर, महाराष्ट्राच्या सगळ्यात उंच टोकावर पोहोचून, तिथं लिंबू सरबत पिण्यासाठी रांगेत उभे राहिलो. झालं. पॉइंट संपले! तिसऱ्या वर्षी कॉटेजच्या ओट्यावर पत्ते खेळताना स्टोअर्सनं विषय काढलाच, ‘पुढच्या वर्षी महाबळेश्वर करू या का?’

आणि तेव्हापासून गळती सुरू झाली. ती काही फक्त पॉइंट संपले म्हणून नव्हती. डिस्पॅचला चाकणला चांगली ऑफर आली. पेंटशॉप होसूरला गेला. दोघांची लग्नं झाली आणि त्यांच्या बायकांना, साहजिकच, नवऱ्याच्या मित्रांबरोबर पत्र्याखाली झोपण्यात काही थ्रिल वाटेना. एकाची कंपनी बंद पडली, तो गावी जाऊन कांदा करायला लागला. २०१७ पर्यंत आम्ही पाच जण उरलो. ‘भंडारदरा’ नावाचा आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप फक्त वाढदिवसाचे केक आणि ‘सेम टू यू’ यांच्यावर जगत होता. खरं सांगायचं, तर मला डोंगर हातातून जाण्याचं वाईट वाटत नव्हतं. डोंगर कुठे जातोय? ही माणसं जातील याची भीती होती. वर्षातले हे तीन दिवस गेले असते, तर आम्ही एकमेकांना फक्त कुणाच्या तरी मुलाच्या बारशाला भेटलो असतो.

ट्रिप वाचवली माझ्या बायकोनं. लग्नानंतर पहिल्यांदाच ती आली होती. आल्या आल्या आमचा शेड्यूलचा कागद तिनं वाचला आणि म्हणाली, ‘अरे, हे तर तुम्ही पाच वर्षं करताय! आता एक नियम करू. जिथं पाटी आहे, पार्किंग आहे आणि मक्याचं कणीस मिळतं, तिथं या वर्षी जायचंच नाही.’

झाला ना वांधा! मग जायचं तरी कुठे?

पहिल्या दिवशी आम्ही कुठेच गेलो नाही. कॉटेजच्या मावशींच्या खळ्यावर गेलो, तेही चहा मागायला. दिवाळीनंतरचे दिवस म्हणजे इथं भाताच्या झोडणीचे. शेण सारवलेल्या खळ्यावर लाकडी फळी आडवी लावलेली, तिच्यावर पेंढी आपटायची आणि दाणे झडले की पेंढी बाजूला फेकायची. बघायला सोपं. क्यूए जिममध्ये जाणारा गडी. तो पुढे झाला आणि वीस पेंढ्यांनंतर कंबर धरून बसला. मावशींची सून त्याच्याकडे न बघताच म्हणाली, ‘दादा, ताकदीनं नसतंय ते. हिसक्यानं असतंय.’ दुपारपर्यंत आम्हा पाचही जणांच्या अंगाला कूस लागून खाज सुटली होती. पण त्या रात्री मावशींनी नव्या काळभाताचा गुरगुट्या भात वाढला, वर घरच्या तुपाची धार. काळभात म्हणजे अकोले तालुक्यातला जुना, सुवासिक तांदूळ. साळ काळी, दाणा बारीक. शिजायला लागला की वास थेट रस्त्यापर्यंत येतो. पाच वर्षं आम्ही त्याच चुलीवरची गावरान कोंबडी हाणत होतो आणि शेजारी रटरटणाऱ्या भाताकडे कुणी बघितलंही नव्हतं.

त्या दिवसानंतर नियम पक्का झाला. दरवर्षी निदान एक नवी गोष्ट. तीही पाटी नसलेली.

माझ्या वाट्याची गोष्ट मला अंब्रेला फॉलनं दिली. आता त्याला पाटी आहे, पार्किंग आहे आणि कणीसही आहे. म्हणजे नियमात बसत नाही. पण मी धबधबा बघायला गेलोच नव्हतो, मी व्हॉल्व्ह बघायला गेलो होतो! कारण हा धबधबा मुळात निसर्गाचा नाहीच. धरणाच्या भिंतीतून पाणी सोडायची जी तोंडं आहेत, त्यातल्या एकाचं पाणी खालच्या गोल खडकावरून छत्रीसारखं पसरत जातं. पाणी सोडलं तर धबधबा, बंद केलं तर नुसता ओला दगड. लोक लांबून येतात, कोरडा दगड बघतात आणि ‘सीझन गेला वाटतं’ म्हणून परत जातात. सीझन कसला गेलाय? आवर्तन बंद आहे!

‘आवर्तन’ हा शब्द मी तिथंच नीट शिकलो. शहरातला माणूस नळाला पाणी आलं की ‘पाणी आलं’ म्हणतो. प्रवरेच्या काठचा माणूस ‘आवर्तन सुटलं’ म्हणतो. धरणातून ठरलेल्या दिवशी ठरलेलं पाणी कालव्याला सोडायचं, त्याची एक पाळी. १९१० साली या धरणाचं काम सुरू झालं, १९२६ साली पूर्ण झालं. गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं नाव त्याला मिळालं. ८२ मीटर उंचीची दगडी भिंत, साठवण ११ टीएमसी. सगळा खटाटोप कशासाठी? तर खाली नगर जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात पाणी न्यायला. संगमनेरजवळ ओझरच्या बंधाऱ्यावरून कालवे निघाले, कोरड्या माळावर ऊस उभा राहिला आणि पुढे १९५० साली लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांचा सहकारी साखर कारखाना आला. हे सगळं मी दहावीत वाचलं असेल. पण भिंतीखाली उभं राहून, त्या विमोचकाच्या पाण्याचा आवाज पायांतून वर येताना ऐकणं ही वेगळी चीज आहे. युटिलिटीवाल्यासाठी तर देवदर्शनच.

मग मी पाण्याच्याच मागे लागलो. बाकीचे हसायचे. ‘सुट्टीत पण मीटर वाचतोय!’

पुढच्या वर्षी घाटघर. तिथं लोक कोकणकडा बघायला जातात, आम्हीही पूर्वी गेलो होतो. फोटो काढून परतलो होतो. या वेळी जरा थांबलो. कड्याच्या कडेला उभं राहिलं की समोर एकदम खाली कोकण. इथं पडलेला पाऊस जर पश्चिमेला घसरला, तर थोड्याच वेळात ठाणे जिल्ह्यात आणि तिथून अरबी समुद्रात. तोच पाऊस पावलाच्या अलीकडे पडला, तर प्रवरा, मग गोदावरी, मग सगळा मराठवाडा आणि तेलंगणा पार करून थेट बंगालच्या उपसागरात. क्यूएनं बाटलीतलं पाणी दोन्हीकडे थोडं थोडं ओतलं. बालिशपणा, मान्य. पण त्यानंतर बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

आणि घाटघरलाच ती दुसरी भानगड आहे, जी बहुतेक ट्रेकर्सना माहीतच नसते. इथं वर एक धरण आणि खाली, सुमारे चारशे मीटर खाली, शहापूर तालुक्यातल्या चोंढ्याला दुसरं धरण. विजेची मागणी जास्त असते तेव्हा वरचं पाणी डोंगराच्या पोटातून खाली सोडायचं आणि २५० मेगावॉट वीज करायची. मागणी कमी झाली की तेच पाणी पंपानं पुन्हा वर चढवायचं! २००८ पासून हे चालू आहे. म्हणजे अख्खा डोंगर एक बॅटरी आहे, रोज चार्ज होणारी. मी हे समजावून सांगताना बायको म्हणाली, ‘म्हणजे पाणीसुद्धा शिफ्टमध्ये काम करतं?’ एवढं सोपं करून मला कधी जमलं नसतं.

स्टोअर्सला मात्र पाण्यात इंटरेस्ट शून्य. त्याची बायको बागवेडी, म्हणून एका वर्षी कोंभाळण्याला जायचं ठरलं. कोंभाळणे अकोले तालुक्यातलंच गाव, राहीबाई पोपेरे यांचं. गावठी बियाणं जपण्याच्या कामासाठी २०२० सालची पद्मश्री मिळालेल्या, ‘बीजमाता’ म्हणून सगळ्यांना माहीत असलेल्या याच त्या. त्यांची बीज बँक म्हणजे काचेचं म्युझियम नाही. वाल, घेवडा, भात, नाचणी, भाज्या... पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी राखेत घालून मडक्यात जपलेलं बियाणं, नीट नावानिशी ठेवलेलं. एकेका घेवड्याचा रंग असा की दागिन्यांच्या दुकानात ठेवला तर खपेल. आमच्या स्टोअर्सला तिथं एकदम घरी आल्यासारखं झालं. ‘हे बघ, फर्स्ट इन फर्स्ट आउट! बियाणं दरवर्षी पेरून नवं करून ठेवावंच लागतं, नाहीतर मरतं.’ त्यानं घेवड्याची पुडी आणली. आता बजाजनगरात त्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या ग्रिलवर त्या घेवड्याचा वेल चढलाय आणि खालच्या मजल्यावरच्या काकू रोज बघून जातात. शेंगा आल्या की हक्कानं मागतात.

आता एक फसलेला बेतही सांगतो, म्हणजे सगळंच गोड वाटायला नको. एका जूनमध्ये आम्ही काजवे बघायला गेलो. मेच्या अखेरीपासून पहिला मोठा पाऊस होईपर्यंत इथल्या हिरडा, बेहडा, सादड्याच्या झाडांवर लाखो काजवे एका तालात लुकलुकतात. ऐकायला स्वप्नवत आहे आणि खरंच तसं आहेही. पण शनिवारी रात्री गाड्यांची रांग, हेडलाइट चालू, डिक्कीतून गाणी आणि मोबाइलचे फ्लॅश. काजव्यांनी तरी कुणाशी स्पर्धा करायची? जायचंच असेल, तर मधल्या वारी जा, गाडी लांब लावा, दिवे बंद करा आणि झाडाखालचं गवत तुडवू नका, कारण काजव्यांच्या माद्या खाली जमिनीवर असतात. नाहीतर सरळ नोव्हेंबरात या. त्या वेळी काजवे नसतात, पण रात्री नऊनंतर ओट्यावर गोधडी घेऊन पडलं की कृत्तिकांचा पुंजका आणि मागून वर येणारं मृग नक्षत्र फुकटात दिसतं. पार्किंग लागत नाही.

२०२३ ची दिवाळी मात्र वेगळी होती.

त्या वर्षी पाऊस कमी. नाथसागर अर्ध्यावरच. २०१४ साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणानं ठरवून दिलं होतं की, ऑक्टोबरच्या मध्याला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी पाणी असेल, तर नाशिक-नगरच्या वरच्या धरणांनी खाली पाणी सोडायचं. त्यानुसार ३० ऑक्टोबरला आदेश निघाला, सुमारे ८.६ टीएमसी सोडा. त्यात भंडारदरा-निळवंडे ज्यात येतात त्या प्रवरा समूहाच्या वाट्याला ३.३६ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे २,८३१ कोटी लिटर. मी रोज सकाळी कंपनीत फ्लो मीटरचं रीडिंग क्यूबिक मीटरमध्ये लिहितो. हा आकडा माझ्या रजिस्टरच्या रकान्यात मावणारा नाही. नगर-नाशिकला आंदोलनं, मराठवाड्यात आंदोलनं, कोर्टकचेऱ्या, सगळं पेपरात रोज येत होतं. आणि आम्ही नेमके त्याच दिवाळीत, गाडीवर एमएच-२० ची नंबर प्लेट लावून, वरच्या धरणाच्या काठावर!

पहिल्या रात्री जेवण झाल्यावर शेकोटीशी बसलो होतो. मावशींचे यजमान, आम्ही त्यांना मामा म्हणतो, विस्तवात काटकी सारत सहज म्हणाले, ‘म्हंजी यंदाचं पानी तुमच्याकडंच चाललंय म्हना की.’

शांतता. क्यूएनं तोंड उघडलं आणि ६५ टक्क्यांचा नियम, समन्यायी वाटप, २००५ चा कायदा असं सगळं प्रेझेंटेशन सुरू केलं. मामा ऐकत होते. मग मावशींनीच मध्ये विचारलं, ‘तुमच्याकडं रोज येतं का रं पानी?’

‘नाही मावशी, एक दिवसाआड. कधी दोन दिवसांनी.’

‘आमच्याकडं मे महिन्यात तेबी न्हाई. झऱ्यावर जाऊन वाटीनं भरायचं. हितं उशाला धरन हाये, तरीबी.’

आता हे मला ऐकून माहीत होतं. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण महाराष्ट्रात उगाच रूढ झालेली नाही. घाटघर-रतनवाडीला वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्या छत्रपती संभाजीनगरला जेमतेम सातशे. पण इथला पाऊस चार महिन्यांत कड्यावरून धावत सुटतो. धरणात जमतो तो खालच्यांसाठी आणि धरण गावापेक्षा खाली, वाड्या डोंगरावर. पाणी उतारानं संगमनेर, श्रीरामपूरला जातं. वर चढत नाही. चढवायला पंप लागतो, घाटघरच्या विजेसाठी तो आहे. मावशींच्या हंड्यासाठी अजून तरी त्या वाडीवर पोहोचलेला नाही.

मग मीही सांगितलं. २०१६ चा उन्हाळा, लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं तो. जायकवाडी मृतसाठ्यात गेलं होतं आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं मराठवाड्यातल्या दारू-बिअरच्या कारखान्यांचं पाणी निम्म्याहून जास्त आणि बाकीच्या उद्योगांचंही काही टक्के कापायला लावलं होतं. आमच्या प्लांटमध्ये लॉनचं पाणी बंद, कूलिंग टॉवरला ईटीपीचं पाणी, वॉशरूमच्या नळांना अर्धे व्हॉल्व्ह. कॉन्ट्रॅक्टच्या दोनशे पोरांना एका लाइनवरून घरी बसवलं. त्यातली बरीचशी पोरं जालना-बीड-परभणीची, घरी शेतीला पाणी नाही म्हणून वाळूजला आलेली. पाणी नाही म्हणून आले आणि पाणी नाही म्हणून परत गेले.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘म्हंजी तुमीबी आमच्यासारखंच. शेवटच्या नळावर.’ आणि उठून झोपायला गेले.

कुणाची बाजू बरोबर, याचा निकाल त्या शेकोटीशी लागणार नव्हताच. कोर्टालाही तो एका फटक्यात लावता आलेला नाही. नोव्हेंबरच्या अखेरीस पाणी सुटलं. २०२४ ला पाऊस चांगला झाला, नाथसागर भरला, दरवाजे उघडावे लागले आणि भांडण तेवढ्यापुरतं थंड झालं. पण माझ्या डोक्यातून एक गोष्ट जाईना. अकरा वर्षं मी ज्या पाण्याच्या काठी सुट्टी घालवत होतो, तेच, थोडंफार का होईना, माझ्या फ्लो मीटरमधून जात होतं. आणि मधला रस्ता मी कधी बघितलाच नव्हता. कारण आम्ही नेहमी वैजापूर-शिर्डीवरून सुसाट यायचो आणि सुसाट जायचो.

म्हणून गेल्या दोन दिवाळ्यांपासून आम्ही परतीचा रस्ता बदललाय. पाण्याबरोबर घरी यायचं! तुम्हालाही सुचवतो, कारण याला कुठलाही टूरवाला पॅकेज म्हणून विकत नाही. राजूरला पेढे घ्यायचे आणि निघायचं. अकोले, संगमनेर, मग प्रवरेच्या काठाकाठानं लोणी, श्रीरामपूर, नेवासे. एका दिवसात आरामात होतं, फक्त पहाटे निघा.

या रस्त्यावर काय काय आहे, विचारा! संगमनेरजवळ जोर्वे नावाचं साधंसं गाव लागतं. पुरातत्त्वाच्या पुस्तकांत अख्खी ‘जोर्वे संस्कृती’ या गावाच्या नावानं आहे, तीन हजार वर्षांहून जुनी. पुढे श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद. इथं १९७४ साली शेतकऱ्याला मातीत ब्राँझचा रथ सापडला. दोन बैल, रथावर उभा माणूस आणि सोबत हत्ती, गेंडा, म्हैस, सगळे चाकांवर! गेंडा, तोही नगर जिल्ह्यात! तिथं गेल्यावर दिसतं काय, तर पांढरीचं टेकाड आणि नदी. रथ मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात. क्यूएची मुलगी वैतागून म्हणाली, ‘बाबा, इथं तर काहीच नाही.’ नेमकं हेच आम्हाला हवं होतं, हे तिला समजायला अजून वेळ आहे.

नेवाशाला थांबायचंच. ज्ञानेश्वरी इथं सांगितली गेली, १२९० साली, प्रवरेच्याच काठी. पैसाचा खांब अजून उभा आहे. दगडाचा, साधा. त्याला टेकून बसलेल्या म्हाताऱ्या वारकऱ्यांच्या गप्पा ऐकल्या, तर पुन्हा विषय पाणी, कालवा आणि ऊस.

आणि मग टोका. पुण्याला जाणाऱ्या रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये तुम्ही-आम्ही सगळ्यांनी हा गोदावरीचा पूल झोपेत ओलांडलाय. ड्रायव्हरनं ब्रेक मारला तर डोळा उघडतो, ‘कायगाव आलं’ म्हणून पुन्हा मिटतो. या वेळी उतरा. प्रवरासंगमाच्या घाटावर सिद्धेश्वराचं देऊळ आहे, कोरीवकाम बघण्यासारखं. घाटाच्या पायऱ्यांवर बसायचं. रतनगडावरून निघालेली प्रवरा दोनशेएक किलोमीटर चालून इथं गोदावरीला मिळते आणि समोर जे पसरट, संथ पाणी दिसतं, तो नाथसागराचा फुगवटा सुरू झालेला असतो. संध्याकाळी बगळे परततात. पलीकडे कायगाव, मग लिंबेजळगाव, मग आमची चिमणी.

तिथून मी मावशींना फोटो पाठवला. सुनेच्या फोनवर, कारण मावशींकडे साधा फोन. खाली लिहिलं, ‘मावशी, तुमचं पाणी पोहोचलं.’ दहा मिनिटांत सुनेचा फोन आला. मागून मावशींचा आवाज. त्या साठीला आल्या, धरणाच्या काठी जन्मल्या, पण हे पाणी पुढे कुठे साठतं ते त्यांनी कधी पाहिलेलं नाही. मामा एकदा शिर्डीपर्यंत आले होते, तेवढंच.

तर या वर्षी बेत उलटा ठरलाय. भात घरात आला की मावशी, मामा आणि सूनबाई तीन दिवस आमच्याकडे वाळूजला. डिस्पॅच चाकणहून येतोय, पेंटशॉपनंही होसूरहून तिकीट काढलंय. कितीतरी वर्षांनी आठ जण जमतोय. स्टोअर्सकडे जेवण, कारण घेवड्याच्या शेंगा त्याच्याकडे. दुसऱ्या दिवशी पैठण, नाथांचं दर्शन आणि मग धरणाच्या भिंतीवरून नाथसागर. मामांना कंपनीतला फ्लो मीटर बघायचाय, त्याची व्हिजिटर परवानगी मी एचआरकडे टाकली आहे. कारण म्हणून काय लिहायचं, यावर अजून आमचं एकमत झालेलं नाही.

परवा मावशींचा पुन्हा फोन आला. सामान काय आणायचं, थंडी किती असते, हे विचारून झालं. मग म्हणाल्या, ‘आन तुमच्या तिकडं पॉइंट किती हायेत रं?’